सिंहाची जीभ

"या सिंहाला जीभ नसते."

मी शिडीवर होते. हातात बारीक ब्रश, ब्रशावर लाल रंग, आणि समोर पडद्यावर बुडापेस्टच्या पुलावरचा सिंह आ वासून बसलेला. त्याच्या तोंडात मी नुकतीच जीभ घातली होती. चांगली मांसल, टोकाशी किंचित वळलेली. आणि खालून एक अनोळखी आवाज मला सांगत होता, की ती काढा.

मी खाली पाहिलं नाही. शिडीवरून खाली पाहिलं की समोरच्याला वाटतं, आपण ऐकून घेतोय.

"कोण म्हणतं?"

"सगळेच. शिल्पकार जीभ करायला विसरला. पुलाच्या उद्‌घाटनाला कुणीतरी ओरडलं, अरे, यांना जीभच नाही! बिचाऱ्यानं नदीत उडी मारली म्हणे."

"म्हणे," मी म्हटलं. "तुम्ही पाहिलंत?"

"त्या पुलावर कितीतरी वेळा उभा राहिलोय मी."

"उभं राहिल्याचं नाही विचारलं."

आता मात्र मी खाली पाहिलं. उंच माणूस, गळ्यात शिट्टी, काखेत गुंडाळलेला छोटा झेंडा, आणि मान इतकी मागे टाकलेली की तोंड उघडं पडलेलं. त्याला जीभ होती. मी खात्री करून घेतली.

"अहो, व्हिसाचा फोटो ना?" पलीकडच्या पांढऱ्या भिंतीपाशी कॅमेरा लावून बसलेल्या मामानं हाक मारली. "मग इकडे या. ओठ मिटा. समोर बघा… समोर म्हणजे माझ्याकडे. शिडीकडे नाही."

तो माणूस स्टुलावर बसला आणि हसतच राहिला. मामानं फोटो काढला, पुसला, परत काढला, परत पुसला.

"साहेब, एवढा आनंद कुठल्याच वकिलातीत चालत नाही."

मी सिंहाच्या जिभेवर लाल रंगाचा आणखी एक हात मारला. गरज नव्हती. पण मारला.

मामाच्या स्टुडिओत मी पडदे रंगवते. छताखाली रूळ आहेत. दोरी ओढली की पॅरिस वर जातं आणि इस्तंबूल खाली येतं. कॉम्प्युटरवर आता कुणाच्याही मागे कुठलंही शहर चिकटवता येतं, हे मला ठाऊक आहे. गिऱ्हाइकं रोज ऐकवतात. आणि ऐकवून झालं की पडद्यापुढेच येऊन उभी राहतात.

कोण कुठल्या शहरापुढे उभं राहतं, यावरून मी त्या माणसाचा ताळेबंद मांडते. सहसा चुकत नाही. लग्न ठरलेलं जोडपं पॅरिस मागतं. लग्न मुरलेलं जोडपं व्हेनिस मागतं, कारण बायकोला पॅरिस हवं असतं, नवऱ्याला घरी जायचं असतं आणि व्हेनिस ही तडजोड असते. न्यूयॉर्क मागतो व्हिसा नाकारलेला मुलगा. खिशात हात घालून असा उभा राहतो, जणू नकार त्यानंच दिलाय. टोकियो मागणाऱ्या मुली एकट्या येतात आणि फोटो कुणाला पाठवायचा नसतो. त्या मला फार आवडतात.

बुडापेस्ट कुणीच मागितलं नव्हतं. ते मी माझ्यासाठी रंगवलं. एका जुन्या कॅलेंडरवर नदी होती, नदीवर साखळ्यांचा पूल, आणि पुलाच्या तोंडाशी माशीएवढे सिंह. माशीएवढ्या सिंहाच्या तोंडात काय दिसणार? पण आ वासून बसलेल्या जनावराला जीभ नाही, हे माझ्या बुद्धीला पटेना. शिवाय आमच्या घरात जिभेचा विषय जरा नाजूक आहे. "जीभ आवर," हे आई मला इतक्यांदा म्हणाली आहे, की लहानपणी मला तेच आपलं नाव वाटायचं.

आईचं दुसरं वाक्यही ठरलेलं. मी कुठल्याही शहराचं नाव काढलं की, "जायचं ना! लग्न झालं की नवऱ्याबरोबर जायचं."

तिलाही तिच्या आईनं हेच सांगितलं होतं. आणि मग तिला नवरा मिळाला तो माझा बाप, ज्याला बसमध्ये बसल्या बसल्या मळमळतं. आईचं सगळं जग म्हणजे मामाच्या स्टुडिओतला एक फोटो. मागे पॅरिस, पुढे आई, आणि शेजारी बाबा – त्यांना उभ्या उभ्याच मळमळतंय, असा चेहरा करून.

शिट्टीवाला परत आला. सहलीच्या कंपनीत मॅनेजर होता, लोकांना जगभर फिरवून आणायचा. आठवड्यानं म्हणाला, दुसऱ्या देशाला फोटोचं माप वेगळं लागतं. पुन्हा आला, म्हणाला, मागच्या फोटोत कान दिसत नाहीत. त्यानंतर आला तेव्हा कारण सांगायचंच विसरला.

"याला इतके देश आत कसे घेतात?" मामा पुटपुटला. "स्वतःच्या कानांचा पत्ता नाही."

पण तो यायचा आणि शिडीखाली उभा राहून माझ्या चुका काढायचा.

"लिस्बनची ट्राम पिवळी असते. तुमची हिरवी आहे."

"माझ्या लिस्बनमध्ये हिरवीच असते."

"मग तुमच्या लिस्बनला जायचं कसं?"

"दोरी ओढायची."

"तिकीट?"

"चहा. आणि चूक काढायची नाही."

तो चहा आणायचा आणि दुसऱ्या घोटाला चूक काढायचा. इस्तंबूलच्या पुलावर गळ टाकून बसलेली माणसं हवीत म्हणे, माझ्या पुलावर चिटपाखरू नाही. मी म्हटलं, ती जेवायला गेलीत. त्याला इतका ठसका लागला, की चहाचे थेंब थेट पडद्यावर, खाडीच्या पाण्यात. मी ते पुसले नाहीत. दोन थेंबांच्या होड्या केल्या.

एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मामा आतल्या खोलीत आडवा झाला होता. ओल्या रंगाचा वास, मोठ्या दिव्याची ऊब, आणि तो स्टुलावर, झेंडा मांडीवर ठेवून.

"तुमचं आवडतं शहर कुठलं?" मी विचारलं. चार महिने ओळख झाल्यावर हा प्रश्न सुचावा, म्हणजे त्याआधी आम्ही नुसते भांडत होतो.

तो मांडीवरचा झेंडा उलगडून परत गुंडाळायला लागला. मी ब्रश खाली ठेवला. बोलका माणूस गप्प झाला की कान द्यावेत.

"लोक हे रोज विचारतात," तो म्हणाला. "मी व्हिएन्ना सांगतो. ऐकायला बरं वाटतं. पण खरं सांगू? मी शहरांकडे… पाठ करून उभा असतो."

"म्हणजे?"

"म्हणजे मागे टॉवर, मागे राजवाडा, मागे पूल, आणि समोर माझी माणसं. ती शहर बघतात, मी ती मोजतो. एक काकू दुकानात शिरतात, एक आजोबा चुकीच्या ग्रुपबरोबर चालू पडतात. शिट्टी मारायची, परत मोजायचं. सगळे बसमध्ये चढले, की शहर संपलं."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. कारण इथेही तेच चालायचं. पॅरिस असो की टोकियो, माझ्या पडद्यापुढे येणारं प्रत्येक माणूस शहराकडे पाठ करून उभं राहतं. तोंड करून उभी असते ती मी एकटी, हातात ब्रश घेऊन.

मी उठून दोरी ओढली. बुडापेस्ट खाली आलं.

"फिरा," मी म्हटलं.

"काय?"

"उठा आणि फिरा. इकडे. मोजायला आज कुणी नाही."

तो फिरला. नदीसमोर, पुलासमोर उभा राहिला, हात बाजूला सोडून, शाळेत उभा केलेल्या पोरासारखा. मी त्याच्या मागे होते. मला फक्त त्याची मान दिसत होती, शिट्टीच्या दोरीनं घासून तिथे एक बारीक रेघ उमटली होती. माझ्या बोटाला लाल रंग होता. ते बोट त्या रेघेच्या अगदी जवळ गेलं… आणि आतून मामा असा खोकला, की तसा खोकला झोपलेल्या माणसाला येत नाही.

"जीभ छान काढलीय," शिट्टीवाला हळूच म्हणाला. "खोटी आहे. पण छान आहे."

पंधरा दिवसांत तो मागणी घालायला आमच्या घरी आला. शिट्टीशिवाय, इस्त्रीचा शर्ट घालून. गळ्यात शिट्टी नसली की तो एकदम कमी उंच दिसायचा. आईला तो पाहताक्षणी आवडला. तिनं चहात साखर जास्त घातली. बाबांनी विचारलं, बसमध्ये पुढे बसलं तर मळमळ कमी होते का? तो म्हणाला, हो, आणि क्षितिजाकडे बघायचं. बाबांनाही आवडला. गाडी रुळावर होती. मी दारात उभी होते आणि माझे कान तापले होते, हे कबूल करायला हवं.

मग तो आईकडे वळून म्हणाला, "काकू, तुम्ही काळजी करू नका. लग्नानंतर मी हिला सगळं जग दाखवीन."

आईचे डोळे भरून आले. एका वाक्यात जावई आणि जग, दोन्ही पदरात.

"नाही," मी म्हटलं.

"काय नाही?" आई.

"लग्नाला नाही म्हणत नाही. 'दाखवीन'ला नाही म्हणतेय."

"जीभ आवर!"

"आवरून इतकी वर्षं झाली, आई. तू आवरलीस, तुला काय दिसलं? मामाचा पडदा!"

बाबांनी कप ठेवला तो आवाजही उद्धट वाटला. आई उठून आत गेली. मला तिथल्या तिथे वाईट वाटलं. पण शब्द परत घेतला नाही. तो खरा होता.

शिट्टीवाला जिन्यापर्यंत माझ्यामागे आला. "मी चुकीचं काय बोललो? लोक यासाठी भांडतात. तुम्ही मिळतंय तर भांडताय!"

"तुम्ही मला काय दाखवणार? तुम्ही पाहिलंय काय? पाठ करून उभे होतात तिथे!"

त्याला लागलं. दिसलंच. मी पुढे बोलत गेले, कारण थांबले असते तर रडले असते. "लहानपणापासून ऐकतेय, नवऱ्याबरोबर जा. म्हणजे सगळी शहरं नवऱ्याच्या खिशात, आणि त्यानं एकेक काढून दाखवायचं. मी त्याच्या मागे, हातात पर्स धरून. नको मला. एक शहर मी माझ्या पायांनी बघणार. एक तरी. मग तुम्ही म्हणाल तिथे येईन."

"कुठलं?"

"तुम्हाला माहीत आहे."

त्यानं जिन्याचा कठडा धरला. मग तो बोलला, तेव्हा आवाजात राग नव्हता, नुसती हुरहुर होती. "आणि मी काय करायचं?"

"वाट बघायची."

"एरवी ते मी लोकांना सांगतो," तो कसनुसा हसला. "बसपाशी." दोन पायऱ्या उतरून तो थांबला. "जूनच्या शेवटच्या आठवड्यात माझा ग्रुप तिथे असतो. म्हणजे… नुसतं सांगतोय."

"मी विचारलं नव्हतं."

"म्हणूनच नुसतं सांगतोय."

पांढऱ्या भिंतीपुढे या वेळी मी बसले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मागे कुठलंच शहर नव्हतं.

"हसू नको," मामा म्हणाला.

"हसत नाहीये."

"डोळे हसतायत."

"डोळ्यांना नियम नाही, मामा."

त्यानं फोटो काढला. मग आत जाऊन दिव्याच्या स्टँडची घडीची लांब काठी घेऊन आला आणि माझ्या हातात ठेवली. "फोनला बांध. हात आखूड आहेत तुझे."

आई माझ्याशी बोलत नव्हती. भांडी जरा जोरात बोलत होती, तेवढंच. निघायच्या दिवशी मी चपला घालत असताना ती दारात आली.

"पुलाचा फोटो आण," ती म्हणाली. "कुणी पुढे उभं नको. नुसता पूल." आणि माझी बॅग उगाचच एकदा उचलून जड आहे का ते पाहून खाली ठेवली.

बुडापेस्टबद्दल मी फार सांगणार नाही, ते माझं आहे. एवढंच सांगते, की मी दोनदा हरवले आणि दोन्ही वेळा कुणीही शिट्टी मारली नाही. एकटीनं गरम सूप प्यायले. नदी मी रंगवली त्यापेक्षा करडी होती आणि टेकडीवरचा राजवाडा जास्त हिरव्या घुमटाखाली बसलेला. मी कुठेही दुरुस्ती केली नाही, ना मनातल्या पडद्यात, ना समोरच्या शहरात. दोघांना राहू दिलं.

फक्त सिंह.

पहिल्याच संध्याकाळी मी पुलाशी गेले. उंच चौथऱ्यावर तो बसला होता, दगडी, भला थोरला, तोंड उघडं. मी मान मागे टाकली. वरचा जबडा दिसला. दात दिसले. जीभ… दिसली नाही. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. रस्ता ओलांडून जोडीदार सिंहाकडे गेले. त्याचंही तेच.

त्या रात्री मी स्वतःवर चिडले. इतका हट्ट करून आले, घर दुखावलं, एका चांगल्या माणसाला जिन्यात उभं केलं, आणि सगळे म्हणतात तेच खरं? म्हणजे उद्या आईचंही खरं, आणि परवा सगळ्यांचंच.

तिसऱ्या दिवशी चहा पिताना डोक्यात उजेड पडला. मी त्याला खालून पाहत होते! खालून पाहणाऱ्याला जबडाच दिसणार. पडद्यावर मी त्याला शिडीवर चढून, तोंडासमोर तोंड आणून रंगवलं होतं. उभा जन्म शिडीवर काढलेल्या बाईला हे सुचायला तीन दिवस लागावेत!

मी काठी काढली. पण लगेच गेले नाही. आधी एकटीनं पाहून ठेवलं असतं, तर त्याच्याशी भांडायची मजा कसली? तो जूनचा शेवटचा आठवडा होता, त्याचा ग्रुप यायचाच होता.

बारीक पाऊस होता, अंगावर पडला तरी कळू नये असा. पुलाच्या तोंडाशी रंगीबेरंगी छत्र्यांचा घोळका, आणि घोळक्यासमोर झेंडा उंच धरलेला माझा शिट्टीवाला. सिंहाकडे पाठ करून.

"…आणि शिल्पकार विसरला!" तो सांगत होता. आवाज तोच, पण जीव नव्हता त्यात. "उद्‌घाटनाला कुणीतरी ओरडलं, यांना जीभच नाही–"

"आहे," मी मागून म्हटलं.

झेंडा खाली आला. तो वळला नाही. वळायची सवयच नव्हती. त्याच्या ग्रुपमधल्या माणसांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचे चेहरे पाहून त्याला कळलं असावं. मानेवरची ती रेघ लाल झाली.

"आहे म्हणते ही," ग्रुपमधल्या एक काकू म्हणाल्या. "कोण गं तू?"

"पडदेवाली," मी म्हटलं, आणि मामाची काठी उघडायला लागले. एक घडी, दुसरी, तिसरी. टोकाला फोन बांधला. चवड्यांवर उभी राहिले तरी पुरेना. हात खरंच आखूड आहेत माझे.

काठीवर, माझ्या हाताच्या वर, दुसरा हात आला. मोठा, पावसानं गार झालेला.

"थोडी डावीकडे," तो म्हणाला. मी काठी डावीकडे झुकवली. काठी वर गेली, सिंहाच्या नाकाच्याही वर, आणि फोननं टिकटिक करत फोटो काढले. काठी खाली घेतली तेव्हा घोळका आमच्याभोवती दाटला होता. एक निवृत्त मास्तर चष्मा पुसत पुढे सरकले.

फोटोत सिंहाचं तोंड वरून दिसत होतं. खालचे दात. आणि दातांच्या आत – दगडाची, रुंद, पावसाच्या पाण्यानं चकाकणारी –

"जीभ," शिट्टीवाला म्हणाला.

"जीभ!" काकू ओरडल्या. "अहो मॅनेजर, काय खोटं सांगता लोकांना!"

सगळे हसले. तो हसला नाही. फोनकडे बघत राहिला, आणि मग हळूच मान वर करून सिंहाकडे, सिंहाच्या मागे पुलाकडे, पुलाखालच्या नदीकडे. झेंडा त्याच्या हातातून गळून माझ्या पायाशी पडला होता.

"इतकी वर्षं…" तो म्हणाला. "मी मान वर करूनही पाहिलं नाही गं."

गं. पहिल्यांदाच.

मी झेंडा उचलला आणि काखेत मारला. "ऐक," मी म्हटलं. "मी एकटी येऊन पाहिलं. माझं झालं. आता माझ्याशी लग्न कर. तू घाबरू नकोस. मी तुला सगळं जग दाखवीन."

तो माझ्याकडे बघत राहिला. पापण्यांवर पावसाचे कण, आणि ओठ मिटता मिटेनात. कुठल्याही वकिलातीनं हाकलून दिला असता असा चेहरा.

"हो," तो म्हणाला. "हो, हो… पण लिस्बनची ट्राम–"

"हिरवी."

"हिरवी," त्यानं मान्य केलं.

त्याचा हात अजून काठीवर होता, माझ्या हातावर. तसेच आम्ही नदीकडे वळलो. मग एकाएकी त्याच्या खांद्यांना ती जुनी सवय आठवली. तो दचकला, दुसरा हात शिट्टीकडे गेला, मान मागे वळायला लागली.

"अहो मॅनेजर!" मागून मास्तरांचा खडा आवाज आला. "आम्ही मोजलंय. सगळे आहोत. तुम्ही सावकाश बघा."